जुन्या गोधडीचे चौकोन

(ज्युबिलीनिमित्त देवपूर येथील धर्मग्रामांतील भगिनींच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त जीं भाषणें योजिलीं आहेत त्यांत आमच्या वांट्यास गोधडी हा विषय आला, तेव्हां कांहीं मंडळींस हसूं आलें असें ऐकतों. धर्मगुरूनें गोधडीवर काय बोलावें? परंतु हा विषय आम्हीं मागून घेतलेला आहे आणि त्यास कारणहि तसेंच घडलें आहे. ज्युबिलीची आठवण म्हणून घरोघरच्या जुन्या गोधड्या गोळा कराव्या, त्या कापून चौकोन काढावे, त्या चौकोनांची एक भली मोठी गोधडी करावी व ती ख्रिस्तमंदिराच्या भिंतीवर टांगावी, अशी सूचना आमच्याकडे आली. सूचना प्रेमानें केलेली आहे, म्हणून तिचा विचारहि प्रेमानेंच केला पाहिजे. तिच्या अर्ध्या भागास आम्ही अनुकूल आहों व अर्ध्या भागास प्रतिकूल. तें कां, हें आज सांगावयाचें आहे.

गोधडी म्हणजे काय हें तुम्हांस सांगण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. तें तुम्हीं आम्हांस सांगावयाचें. तथापि शाळेंत जाणाऱ्या मुली येथें बसल्या आहेत, त्यांच्यासाठीं दोन शब्द. पिंजाऱ्यानें पिंजलेला कापूस भरतात ती रजई. गोधडींत कापूस नसतो. खालीं एक धड लुगडें अंथरावें, त्यावर जीर्ण धोतरें, सदरे, चादरी ह्यांचे थर सारखे मांडावे, वर रंगीबेरंगी तुकडे रचावे, आणि कडेपासून आरंभ करून धांवदोऱ्याच्या ओळी फिरवीत फिरवीत मध्यापर्यंत यावें, ही तिची रीत. म्हणूनच पुरी झालेली गोधडी उलटी करून पाहिली म्हणजे चौकोनांत चौकोन, त्यांत आणखी चौकोन, असा दोऱ्याचा माग दिसतो. महाराष्ट्रांतील अशा गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल ह्यांनीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला असून तो २०१३ सालीं प्रसिद्ध झाला आहे. ज्या वस्तूवर आपण पाय पसरून निजतों, तिच्यावर ग्रंथ होतो हें आपल्या मुलींनीं ध्यानांत ठेवावें.

अमेरिकेंतील रीत निराळी आहे. तेथें आधीं एकेक चौकोन स्वतंत्र पुरा करतात. तुकड्यास तुकडा जोडून त्यांत तारा, टोपली, घर असे आकार साधतात. पुरेसे चौकोन जमले म्हणजे ते एकमेकांस जोडून, मध्यें कापसाचा थर व खालीं अस्तर घालून सर्वांवर मिळून टांके घालतात. त्यामुळें तेथील जुन्या घरांत आजीनें करून ठेवलेले, परंतु कधींच जोडले न गेलेले चौकोन पेटींत सांपडतात, आणि त्यांचीं लहान लहान दुपटीं करण्याचा तेथील बायकांस मोठा नाद आहे. नेब्रास्का संस्थानांत लिंकन ह्या शहरीं गोधड्यांचें एक संग्रहालयच आहे. १९९७ सालीं रॉबर्ट व आर्डिस जेम्स ह्या दांपत्यानें आपल्या संग्रहांतील सुमारें ९५० गोधड्या तेथील विद्यापीठास दिल्या, त्यांतून तें उभें राहिलें. एकोणिसाव्या शतकांत तेथील चर्चमधील बायका चौकोनांवर मंडळींचीं नांवें भरीत व त्या नांवांमागें थोडथोडें द्रव्य घेऊन तें चर्चच्या कार्यास लावीत. आमच्याकडे आलेली सूचना बहुधा अशाच एखाद्या चित्रावरून सुचली असावी.

परंतु एक भेद आहे. तेथील चौकोन जोडण्यासाठींच केलेला असतो. तो मिळविण्यासाठीं कांहीं कापावें लागत नाहीं. आपल्या गोधडींत सुटा चौकोन मुळीं नसतोच. तो हवा तर गोधडीवर कातर चालवावी लागते, आणि ती चालवली कीं कडेपासून मध्यापर्यंत आलेला दोरा ठायीं ठायीं तुटतो व टांके सुटूं लागतात. ज्यांनीं गोधडी कधीं शिवली नाहीं त्यांस हें कळत नाहीं. ज्यांनीं शिवली आहे त्यांच्या अंगावर कांटा उभा राहतो. सूचना ऐकतांच मागच्या रांगेंतील दोन वृद्ध बायांनीं जो चेहरा केला तो आम्हीं पाहिला आहे.

हीच कडेकडून आंत येण्याची रीत आपल्या एका दूरच्या भावकींतहि आहे. उत्तर कानडा जिल्ह्यांत हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड ह्या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेंतील; त्यांतील पुष्कळांस पोर्तुगीजांनीं गुलाम म्हणून गोव्यांत आणिलें, आणि तेथून जे निसटले ते सह्याद्रीच्या रानांत शिरले. आज त्यांत कोणी हिंदु आहेत, कोणी मुसलमान, कोणी आपल्यासारखे कॅथलिक. घरांतली बोली कोंकणी-मराठीची मिसळ आहे. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. कवंदीच्या चारहि कोपऱ्यांस त्रिकोणी घड्यांचीं फुलें लावतात, आणि ख्रिस्ती घरच्या कवंदीवर क्रूसहि शिवलेला आढळतो. २००४ च्या सुमारास ह्या बायकांची सहकारी संस्था निघाली. तान्ह्यांसाठीं त्या लहान कवंद्याहि करतात. म्हणजे लहान गोधडी पाहण्यास आपणांस समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. बेळगांवाच्या पलीकडे गेलें म्हणजे पुरे.

आतां आपल्या देवपुराकडे पाहूं. पांझरेच्या ह्या तीरावर थंडी किती कडाक्याची पडते हें मुंबईच्या मंडळींस सांगून पटत नाहीं. उन्हाळ्यांत भाजून काढणारा हाच खानदेश पौषांत पहांटे दांत वाजवावयास लावतो. त्यांत मुलूख कापसाचा. जळगांवास एकोणिसाव्या शतकांतच कापडाची गिरणी निघाली, पुढें प्रताप शेठजींच्या गिरण्या अंमळनेरास व धुळ्यास चालल्या, आणि मालेगांवचे माग तर शेजारींच. त्या गिरण्यांचे भोंगे कधींच थांबले. त्यांचें कापड मात्र आपल्या कित्येक गोधड्यांच्या पोटांत अजून असेल.

त्या पोटांत आणखीहि पुष्कळ असतें. आपल्या धर्मग्रामांत कोणी नगर जिल्ह्यांतून आले, कोणी वसईहून, कोणी गोव्याहून, कोणी नंदुरबारच्या डोंगराळ भागांतून. १९८७ सालीं नासिकचा धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हां नगर, नासिक व खानदेश एका छत्राखालीं आले; पण पांघरुणाखालीं आपण अजून निराळेच आहों. वसईकडच्या घरच्या गोधडींत तांबड्या लुगड्याचा तुकडा हटकून सांपडतो. गोव्याकडच्या घरीं तांबड्या-पांढऱ्या चौकडीचें कुणबी कापड. नगरकडच्या घरीं धोतरें व मुंडाशीं. कोणाचें घर कोठून निघून देवपुरास आलें हें नोंदवहीत पाहण्यापूर्वीं गोधडींत पाहावें, असें आम्ही थट्टेनें म्हणतों, पण ती सगळीच थट्टा नाहीं.

आणि ह्या गोधड्या चालल्या आहेत. बोहारीण त्यांस हात लावीत नाहीं. तिला अंगावर घालण्याजोगे कपडे हवेत, फाटक्या गोधडीवर ती चमचाहि देणार नाहीं. तेव्हां त्या आग्रा रोडवरच्या गॅरेजांत तेल पुसावयास जातात, नाहीं तर पाण्याच्या मोटारीवर झांकण म्हणून पडतात. गेल्या पावसाळ्यांत आम्ही एका घरीं आजारी वृद्धेस भेटावयास गेलों. अंगणांत चिखल होऊं नये म्हणून दुचाकीखालीं एक गोधडी अंथरली होती, हाताहातावर तिचे टांके अजून मोत्यांसारखे दिसत होते. ती जिनें शिवली ती आजी आंत खाटेवर बाजारचें ब्लँकेट पांघरून पडली होती. तिच्या घरचीं माणसें वाईट नाहींत. ब्लँकेटहि तिच्यासाठीं त्यांनीं हौसेनें आणलेलें. त्यांस ती वस्तु दिसेनाशी झाली होती, इतकेंच. अशा गोधडीचें काय करावें हा खरा प्रश्न आहे, भिंतीवर काय टांगावें हा नव्हे.

आमचें पहिलें म्हणणें असें कीं, धड गोधडी कोणीहि कापूं नये, ज्युबिलीसाठींहि नव्हे. एक कोपरा फाटला, दोन तुकडे उसवले, एवढ्यानें गोधडी मोडींत निघत नाहीं; तिला ठिगळ लावावें आणि वापरावी. गाडगे महाराजांस लोक गोधडे महाराज म्हणत; ठिगळांची त्यांस कधीं लाज वाटली नाहीं. आईची एकच गोधडी आणि भावंडें चार, अशा घरीं ती चौघांत कापून वांटावी काय, असें आम्हांस एकदां विचारण्यांत आलें. शलमोन राजापुढें आलेल्या दोन स्त्रियांची गोष्ट सर्वांस ठाऊकच आहे, म्हणून अधिक बोलत नाहीं. गोधडीनें वर्षाआड घर बदलावें. तिला सवय असते.

जी गोधडी निम्मी गेली आहे तिची गोष्ट वेगळी. तिच्या शाबूत भागांतून चौकोन काढावे, आणि त्यांचीं तान्ह्या मुलांसाठीं लहान दुपटीं करावीं. ह्या अर्ध्या सूचनेस आम्ही मनापासून अनुकूल आहों. परंतु तें काम जपून केलें पाहिजे, कारण जुन्या कापडाचे शत्रु दोन. एक कातर, दुसरें नवें कापड.

नव्या कापडाचें सांगतों. कोऱ्या कापडाचें ठिगळ कोणी जुन्या वस्त्रास लावीत नाहीं, हा प्रभूनें दिलेला दाखला आपण शुभवर्तमानांत ऐकतों. त्याचा आध्यात्मिक अर्थ आम्हीं मिस्सेच्या वेळीं पुष्कळदां सांगितला; आज त्याचा शिंप्याचा अर्थ पाहावा. कोऱ्या सुती कापडांत खळ असते व तें अजून आटलेलें नसतें. पहिल्या दोन धुण्यांत तें आटतें, तेव्हां ज्या जुन्या वस्त्रास तें शिवलें असेल त्यास ओढतें, आणि जुन्याचा तंतु आधींच दुबळा असल्यामुळें शिवणीच्या शेजारींच नवी चीर पडते. ठिगळ शाबूत, वस्त्र फाटलें. गालीलांतील घराघरांत हें ठाऊक होतें म्हणून तर दाखला एका वाक्यांत समजला.

ह्याचें एक मोठें उदाहरण तुरिनच्या वस्त्रांत सांपडतें. पुष्कळ भाविक ज्यास प्रभूचें प्रेतवस्त्र मानतात तें १५३२ सालीं शांबेरी येथील आगींत जळालें. १५३४ सालीं संत क्लाराच्या संघांतील भगिनींनीं भोकांवर ठिगळें लावून मागें अस्तर शिवलें. पुढें ४६८ वर्षें तीं तशींच राहिलीं. २००२ सालीं मेख्थिल्ड फ्लुरी-लेंबर्ग ह्या कापडांच्या तज्ज्ञ विदुषीनें तीं सर्व ठिगळें व जुनें अस्तर उसवून नवें अस्तर दिलें. कारण ठिगळांमागें जळक्या धाग्यांची भुकटी सांचली होती आणि शिवणींच्या ओढीनें वस्त्रास सुरकुत्या पडल्या होत्या. तें उसवावयास नको होतें असें म्हणणारेहि निघाले. आम्हांस त्या वादांत पडावयाचें नाहीं. मठांतील त्या भगिनींच्या सुईनेंच तें वस्त्र आपल्या काळापर्यंत येऊन पोंचलें, आणि त्याच सुईनें तें ओढलेंहि गेलें. दोन्ही खरें आहे, आणि सुई हातीं घेणारीनें दोन्ही ध्यानांत ठेवावें.

ह्याच विदुषीनें असीसीच्या संत फ्रान्सिसचा जुना झगाहि तपासला. तो जागोजाग ठिगळांनीं सांधलेला आहे, आणि त्यांतील कित्येक ठिगळें संत क्लाराच्या झग्याच्या कापडाचीं आहेत असें तिला आढळलें. तेथें जुन्यास जुनेंच लाविलें होतें. जुन्या कापडावर संतांच्या काळापासून लागू पडलेली तोड हीच.

आतां कृति. गोधडी प्रथम उजेडापुढें धरावी. जेथून ऊन सरळ आंत येतें तो भाग मनांतून वजा करावा. काळ्या व काळसर तपकिरी तुकड्यांकडे विशेष पाहावें. जुने काळे रंग पुष्कळदां लोखंड घालून चढविलेले असत, आणि तें लोखंडच पुढें सूत खातें. बाकीची गोधडी शाबूत असतांना काळे तुकडे तेवढे भुगा होऊन गळतात तें ह्यामुळें. तांबडे बहुधा टिकतात. खानदेशांत पूर्वीं आलाच्या मुळ्यांपासून तांबडा रंग काढीत. १८६९ नंतर अलिझारीन हा रासायनिक रंग युरोपांतून येऊं लागला व आलाची लागवड हळूहळू बसली. दोन्हींचा तांबडा पक्का. तरीहि कोणत्याहि रंगावर ओलें पांढरें फडकें क्षणभर दाबून पाहिल्यावांचून गोधडी पाण्यांत घालूं नये.

धुण्याची घाई बहुतेक गोधड्यांचा घात करते. ओली गोधडी स्वतःच्याच भारानें फाटते. म्हणून ती जुन्या चादरींत ठेवून, चादरीसकट कोमट पाण्यांत बुडवावी व चादरीसकटच उचलावी. रिठ्याचें पाणी पुरे, धोका लावूं नये, पिळूं नये, दोरीवर टांगूं नये. बाजेवर पसरून सावलींत वाळवावी. मगच चौकोन आंखावे. शिलाईस एक बोट सोडून प्रत्येक चौकोन वीतभर राहील असा धरावा, आणि कापण्यापूर्वीं आंखलेल्या रेषेच्या आंतून चारहि बाजूंनीं धांवदोरा घालून घ्यावा. म्हणजे कातर चालली तरी जुने टांके आंत बांधलेले राहतात. सर्व कृतींत एवढी एक गोष्ट विसरूं नये.

असे नऊ चौकोन तीन तीनच्या ओळींनीं जोडले म्हणजे दीड हात लांब व दीड हात रुंद दुपटें होतें. गोधडीचे सर्व थर ठेवले तर तें जाड होऊन वळत नाहीं व सांध्यांवर उंचवटे येतात. म्हणून मधले कुजके थर काढून वरचा व एखादा आंतला थर राखावा, आणि खालीं धुऊन मऊ झालेल्या जुन्या धोतराचें किंवा मलमलीचें अस्तर द्यावें. नवें कापड घेणें भागच पडलें तर तें गरम पाण्यांत दोनदां धुऊन, खळ काढून, आटवून मग घ्यावें. दोरा सुतीच असावा. नायलॉनचा दोरा तुटत नाहीं म्हणून बायकांस आवडतो, पण तो जुन्या सुताहून कठीण असल्यामुळें ताण बसला कीं दोरा राहतो व कापड कापतें. टेरिलीनच्या साड्यांचे तुकडेहि ह्यांत नकोत. ते घाम टिपीत नाहींत आणि थरांत सरकतात. शेवटीं कडेस गोट. आरसे, मणी, बटणें तान्ह्याच्या दुपट्यास लावूं नयेत. आणि डॉक्टर सांगतात तें आम्हीहि सांगतों, कीं तान्हें निजलें असतां त्याच्या तोंडाजवळ जाड पांघरूण ठेवूं नये. हें दुपटें मांडीवर घेतांना, अंगणांत उन्हास निजवून आपण शेजारीं बसलों असतांना वापरावें.

एक गोष्ट मात्र अमेरिकेच्या बायकांकडून घ्यावी, ती म्हणजे नांव. आपल्या गोधडीवर नांव कोठेंच नसतें. जिनें दोन हिवाळे खपून ती शिवली, तिचें नांव नातवंडांस सांगतां येतें, पतवंडांस येत नाहीं. म्हणून प्रत्येक दुपट्याच्या मागच्या बाजूस, अस्तरावर, दोऱ्यानें भरावें: मूळ गोधडी कोणी शिवली, कोणत्या गांवीं, आणि दुपटें कोणत्या सालीं झालें. चौकोन निरनिराळ्या घरचे असले तर नांवेंहि तितकीं. अस्तरावर जागा पुष्कळ असते. ज्या आजी आज हयात आहेत त्यांस आजच विचारावें, आणि विचारतांना वही घेऊन बसावें, कारण त्या एका गोधडीबद्दल विचारलें असतां दहा सांगतात. कोणतें लुगडें कोणाच्या लग्नाचें, कोणता सदरा कोणत्या दुष्काळांतला, हें त्यांस बोट ठेवून सांगतां येतें. आम्हीं दोघींस विचारून पाहिलें. त्या संध्याकाळीं आमची जपमाळेची वेळ टळली.

आतां व्यवस्था सांगून थांबतों. भिंतीवर टांगावयाची मोठी गोधडी करावयाची नाहीं. ज्युबिलीच्या वर्षांत ज्या बालकांचा स्नानसंस्कार होईल त्या प्रत्येकास शुभ्र वस्त्राबरोबर एक दुपटें द्यावें, व तें त्याच्या घरचें होऊन त्याच घरीं राहावें. ज्यांच्याकडे निम्मी गेलेली गोधडी असेल त्यांनीं ती रविवारीं मिस्सेनंतर धर्मगुरूनिवासाच्या व्हरांड्यांत आणावी. कापावी कीं नाहीं हें मागच्या रांगेंतील त्या दोन वृद्ध बाया पाहून सांगतील. त्यांनीं हें काम पत्करलें आहे, आणि त्यांच्या निर्णयावर आमच्याकडे दाद मागतां येणार नाहीं. धड गोधडी कोणी आणल्यास ती ठिगळ लावून परत घरीं धाडण्यांत येईल. सुई, सुती दोरा व रिठे येथें मिळतील. चष्मा मात्र ज्याचा त्यानें आणावा.